मोजणीचा शुक्रवार

सत्यभामाबाईंनी एसटीच्या खिडकीच्या गजांमधून पिशवी आत सरकवली. पिशवीत सुतळीने बांधलेली हिरवी फाईल होती. सायलीने ती घेतली आणि सवयीने त्यांच्या शेजारी पाहिलं. त्यांचे यजमान राधाकिशन नव्हते.

"बीडला दवाखान्याच्या थांब्यावर खुर्ची घेऊन माणूस येतोय ना, त्याच्यापाशी द्या," त्या म्हणाल्या. "ह्यांचा नंबर आता दुसऱ्या कुणाला लावा म्हणावं."

"आज येत नाहीत का ते?"

सत्यभामाबाईंनी गज धरला. हात ओला होता, आणि गज सोडल्यावर लोखंडावर पाण्याची चार बोटं उमटलेली राहिली.

"गाडी माघारी येऊस्तोवर कुणाला बोलू नगा, बाई. आजच्या दिवस गाडी भरून जाऊ द्या."

त्या वळून घराकडे चालू लागल्या, रोजच्यासारख्याच, घाई न करता. सायली फाईल मांडीवर घेऊन बसली. राधाकिशनना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं : सोमवार, बुधवार, शुक्रवार. एक दिवस चुकला तर पाणी छातीत भरतं, हे त्यांनी स्वतःच तिला सांगितलं होतं. एका दिवसासाठी कोणी आपला नंबर दुसऱ्याला देत नाही. 'आता' हा शब्द तिने मनात दोनदा उच्चारला आणि खिडकीबाहेर बघायचं टाळलं.

मागून माणसं चढत होती. तिने पेन उघडलं. मोजणं हेच तिचं काम होतं.

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन सायली आगारात सहा महिन्यांच्या करारावर लागली होती. पिंपळझरी ते चौसाळा या गाडीची पाच दिवसांची मोजणी तिच्याकडे आली, तेव्हा तिने जुने कागदही मागवून वाचले. गाडी सकाळी सातला पिंपळझरीहून निघायची, शिरूरवरून बीडला यायची, सबंध बीड या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून चौसाळ्याला जायची आणि दुपारी त्याच वाटेने परतायची. कुठेही गाडी बदलावी लागत नसे. चाळीस वर्षांपूर्वी ती सुरू झाली तेव्हा दिवसाला तीन फेऱ्या होत्या. आता एक उरली होती. गाव सोडताना गाडीत सरासरी तीस डोकी नसली, तर तीही बंद होणार होती.

मागची मोजणी दोन वर्षांपूर्वीची. चौतीस, तेहतीस, शून्य, पस्तीस, बत्तीस. त्या एका शून्याने सरासरी सत्तावीसच्याही खाली आली आणि दुसरी फेरी गेली. शून्यापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. मंगळवारी सायलीने कंडक्टर उज्ज्वलाताईंना त्याबद्दल विचारलं.

"मयत झाली होती गावात," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "मयत झाली की कोणी चूल पेटवत नाही. अग्नी दिल्याशिवाय शीव ओलांडत नाहीत. आम्ही गाडी रिकामीच वळवून आणली."

"मग शेऱ्यात लिहायला हवं होतं."

"मोजणारा नवीन होता, त्यानं विचारलं नाही. गावाला वाटलं, सरकारी कागद आहे, त्याला कळलंच असेल."

या वेळची मोजणी डिसेंबरात आली. दिवाळी झाली की पिंपळझरीची धडधाकट माणसं ऊस तोडायला निघून जातात, मागे म्हातारी आणि शाळेची पोरं राहतात. यावर तोड राधाकिशननी काढली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट लागत नाही, मग म्हाताऱ्यांनीच पाळीपाळीने गाडीत बसायचं. चौसाळ्यापर्यंत जायचं, तिथे चिंचेखाली भाकरी सोडायची, माघारी यायचं. सोमवारी त्यांनी हे सायलीपासून लपवलंही नाही.

"डोकी मोजता ना तुमी? पिकली डोकी चालतेत का?"

सायलीने कागद उलटसुलट करून पाहिला. डोक्यांच्या वयाबद्दल त्यात काही नव्हतं. चालतात, ती म्हणाली.

ही सगळी खटपट बंकटआबांच्या नातीसाठी होती. योगिता शिरूरला अकरावी सायन्सला होती. तिचा बाप ऊसतोडीला जाताना सांगून गेला होता, की गाडी बंद झाली तर पोरगी मोळ्या बांधायला माझ्याबरोबर येईल, नाहीतर उन्हाळ्यात तिचं लग्न लावून टाकीन. बंकटआबा मेंढरं राखणारे, राधाकिशनचे लहानपणापासूनचे सोबती. या गाडीसाठी घाटाच्या चढावर मुरूम टाकणाऱ्यांत ते दोघे होते. बंकटआबांना मात्र अर्धं तिकीट काढावं लागे, कारण आधार कार्डावर ते राधाकिशनपेक्षा अकरा वर्षांनी लहान होते.

"एका सालातले आमी," ते रोज उज्ज्वलाताईंना ऐकवत. "ह्यो म्हातारा झाला, मी तसाच ऱ्हायलो. सरकारनंच लिहून दिलंय."

राधाकिशन सात नंबरवर, सत्यभामाबाई आठवर. बीडला दोघे उतरायचे, परतताना पुन्हा त्याच जागांवर बसायचे. बुधवारी उतरता उतरता राधाकिशन मागे वळून सगळ्यांना म्हणाले होते, "शुक्रवारच्या आत मी मेलो तरी गाडी सोडू नका बे." गाडी हसली होती. सत्यभामाबाईंनी त्यांच्या दंडावर चापट मारली होती.

चार दिवसांची बेरीज एकशे सव्वीस. आज चोवीस डोकी लागत होती.

ती मोजत गेली. वीस. चोवीस. तीस. आज ज्यांची पाळी नव्हती तेही आले होते. गुडघ्यांमुळे आठवडाभर न आलेल्या रुक्मिणीबाईंना दोघांनी धरून वर घेतलं. सदतीस. आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा. यांना काहीच माहीत नाही, सायलीला वाटलं, आणि मांडीवरची फाईल तिने दप्तरात घातली.

एकटी बंकटआबांची बायको चतुराबाई आली नव्हती. गाडी वळली तेव्हा ती राधाकिशनच्या घराबाहेरच्या दगडावर दाराकडे पाठ करून बसलेली दिसली. दार लोटलेलं होतं.

बंकटआबांनी डोक्याचा पटका उतरवून सात-आठ नंबरच्या सीटवर पसरून ठेवला. स्वतः सायलीच्या मागच्या सीटवर बसले, उघड्या डोक्याने. शिरूरला योगिता उतरली. तिच्या हातात आज डबा नव्हता. आबांनी खिडकीतून दहाची नोट दिली आणि कँटीनमध्ये काहीतरी खा म्हणाले. तिथून गाडी भरली, माणसं दांड्याला धरून उभी राहिली. एका तरुणाने पटक्याकडे बोट दाखवलं.

"कोणाचंय हे? उचला की."

"माणूस यायचाय," बंकटआबा म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून तरुणाने बोट खाली घेतलं.

बीडला दवाखान्याच्या थांब्यावर वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन उभा होता. राधाकिशन वेळ चुकवत नसत, म्हणून तोही चुकवत नसे. सायलीने खिडकीतून फाईल दिली.

"नंबर दुसऱ्या कोणाला लावा, असं सांगितलंय."

त्याने फाईलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कधी?"

तिच्या मागच्याच सीटवर बंकटआबा होते. तिने नुसती मान हलवली. वॉर्डबॉयने फाईल रिकाम्या खुर्चीत ठेवली आणि खुर्ची वळवून तो दवाखान्याच्या चढावर ढकलत निघाला. गाडी हलली.

"काय म्हणला त्यो?" बंकटआबांनी विचारलं.

"काही नाही, आबा."

ते पुन्हा बाहेर बघू लागले. पुढचा दीड तास तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

चौसाळ्याला सगळे उतरून चिंचेखाली जाऊन बसले. चार दिवस तिने इथलं जेवण पाहिलं होतं. फडकी सुटायची, ठेचा या हातातून त्या हातात जायचा, बंकटआबा "मोजणीबाई, अर्धी तरी घ्या" म्हणत भाकरी मोडून तिच्या कागदांवरच ठेवायचे. आज तिने स्वतःचा डबा उघडला, पहिला घास घेतला आणि मान वर केली.

कोणीच काही सोडलं नव्हतं. तिने एकेकाच्या हातांकडे, मांडीकडे, शेजारच्या जमिनीकडे पाहिलं. एकाजवळही फडकं नव्हतं. सदतीसमधली एक शिरूरला उतरली होती. उरलेली छत्तीस माणसं सकाळी सातपासून काही न खाता, एकमेकांकडे न बघता बसली होती. रुक्मिणीबाई बोटाने मातीत रेघ ओढत होत्या, पुसत होत्या, पुन्हा ओढत होत्या.

सायलीने डबा बंद केला. मग ती उठून बंकटआबांजवळ गेली आणि खाली मातीतच बसली.

"आबा, तुम्हाला कधी कळलं?"



"रोज पहाटं शेळीचं दूध नेऊन देतो," ते म्हणाले. "आज दार उघडलं न्हाई तिनं. फटीतून उशाशी दिवा दिसला." त्यांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "दूध तसंच माघारी आणलं. तिला दिवस काढायचाय म्हणल्यावर आपुन कावून दार वाजवायचं?"

"आणि बाकीच्यांना?"

"मी कुणाला बोललो न्हाई," ते म्हणाले. "पर आज गावात एक चूल पेटली न्हाई."

परतीच्या वाटेवर बीडच्या थांब्यावर गाडी थांबली. चढायला कोणी नव्हतं. तरी ड्रायव्हरने गाडी थोडी जास्तच थांबवली. शिरूरला योगिता चढली, आजोबांच्या शेजारी बसली आणि गाडी इतकी शांत का आहे म्हणून सगळ्यांकडे बघत राहिली.

पिंपळझरीला पोचायला साडेतीन वाजले. सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या. गाडी थांबली, माणसं एकेक करून उतरली. आपल्या घराकडे कोणीच वळलं नाही. बायकांनी पदर पुढे ओढले आणि सगळी रांग त्या एका दाराकडे निघाली. सत्यभामाबाई येणाऱ्या माणसांकडे बघत होत्या. कोणाच्याच हातात भाकरीचं फडकं नाही, हे त्यांनाही दिसलं असावं. त्यांनी चौकटीला हात लावला आणि त्या खाली बसल्या. सकाळपासून आत धरलेला आवाज तेव्हा पहिल्यांदा बाहेर आला.

सायलीने कागदावर सदतीस लिहिलं होतं. शेऱ्याच्या रकान्यावर तिचं पेन थांबलं. तिने तो कोरा ठेवला.

बंकटआबा सर्वांत शेवटी उठले. सीटवरचा पटका उचलून त्यांनी नीट घडी घातली, डोक्याला बांधला नाही, काखेत धरला. पायरीवर ते थांबले.

"भरली का, बाई?"

"सदतीस, आबा. सरासरी बत्तीसच्या वर गेली."

त्यांनी आकडा ओठांत एकदा म्हणून पाहिला.

"सांगतो त्याला," ते म्हणाले, आणि दांड्याला धरून सावकाश उतरले.