तीन फळ्यांची मदत

मित्रांनो, मला सरळ उभं राहता येत नाही. सरळ केलं की मी तोंडावर पडतो. थोडा वाकवून, कोपरे मोडून ठेवलं तरच टिकतो. तीन फळ्या, त्यांना जोडणाऱ्या बिजागऱ्या आणि पायाखाली रबराच्या चकत्या, एवढाच माझा संसार. लोक मला आडोसा म्हणतात. जुना आहे, हे वेगळं सांगायला नको. नव्या वस्तूंना आपली कहाणी सांगायला वेळ कुठे असतो?

मला एका सुताराने लहान मुलांच्या केंद्रासाठी घडवलं. त्या केंद्रात स्वमग्न मुलं येत. आपल्याला जो आवाज सहज खपतो, तो त्यांच्यातल्या काहींना डोक्यात घण घातल्यासारखा लागतो. असा गलबला सोसेनासा झाला की त्या मुलाला माझ्यामागे उशीवर बसू देत. सुताराने मला आतून जाड कापड मारलं आणि बाहेरून पिवळा जिराफ रंगवला. जिराफाचं डोकं एका फळीवर, मान दुसरीवर आणि पाय तिसरीवर. माझी घडी घातली की बिचाऱ्याचे तीन तुकडे व्हायचे. पण मुलांना तो आवडायचा आणि मुलांमुळे मलाही स्वतःबद्दल बरं वाटायचं. रडत आलेलं मूल माझ्यामागे जाऊन हळूहळू शांत झालं की वाटायचं, आपण लाकूड आहोत, पण वाया गेलेलं लाकूड नाही.

एक दिवस केंद्रात एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, केस नीट विंचरलेले, हातात छत्री घट्ट धरलेली. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. बसायला मुलांच्याच बुटक्या खुर्च्या. भावाचे गुडघे पार हनुवटीला लागले.

दारातल्या मदतनीस बाईंनी विचारलं, "मूल कुठे आहे?"

"मीच," बाई म्हणाल्या.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही स्वमग्न आहात, जन्मापासून आहात, फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही. एवढं सांगून त्यांनी इकडे पाठवलं, कारण दुसरीकडे कुठे पाठवायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. केंद्रातल्या समुपदेशक बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, पंखा बंद केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे मोठ्यांसाठी काही नाही हो."

"मग कुणाकडे आहे?" भावाने विचारलं.

"खरं सांगू? माझ्या माहितीत कुणाकडेच नाही."

रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्यांनी एक पुस्तिका दिली. वर लिहिलं होतं, 'आपल्या मुलाला समजून घेताना'. भावाने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "आई गेली आमची. आता हे वाचायचं कुणी?"

तेव्हा बाई पहिल्यांदा सलग बोलल्या. त्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होत्या. मेणात एकेक दात बसवायचं काम. ते त्यांना फार आवडायचं. पण चारी बाजूंनी यंत्रं आणि माणसं. आधीच्या नोकऱ्या अशाच गोंधळामुळे सुटल्या होत्या. "ही मला सोडायची नाही," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही नको. माझ्या मागून कुणी येणार नाही अशी जागा हवी."

समुपदेशक बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर थांबली. मुलांसाठी नवे मऊ पडदे आले होते आणि मी भंगारात जाणारच होतो.

"हा घेऊन जा," त्या म्हणाल्या.

तर मित्रांनो, मोठ्या माणसाला स्वमग्नतेचं निदान झाल्यावर त्याला काय मदत मिळते, असं कुणी विचारलं, तर माझ्या अनुभवापुरतं उत्तर मी देऊ शकतो. मी मिळतो.

भावाने मला रिक्षाच्या टपावर बांधून कारखान्यात आणलं. मालकांनी लगेच होकार दिला. तसे ते वाईट नव्हते. बाईंनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. "काम असेल तर आधी फळीवर टकटक करा आणि मग या. काम नसेल तर येऊ नका."

"आल्या बघा पडद्यातल्या राणीसरकार," पॉलिशवाला म्हणाला. तो फटकळ म्हणून ओळखला जायचा. "बाई, जिराफाला पण आपल्याकडचे दात बसवणार का?"

"त्याला वरचे पुढचे दात नसतातच," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या. सगळे हसले. त्या विनोद करत नव्हत्या, पण हसण्याचं त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

पहिले काही आठवडे आमचे फार चांगले गेले. बाई सुरी तापवायच्या, मेण मऊ करायच्या आणि दात अलगद जागेवर टेकवायच्या. काम मनासारखं झालं की तोंडातल्या तोंडात गुणगुणायच्या. मान खाली घालून, खांदे सैल सोडून बसायच्या. त्या खांद्यांवरून मला कळायचं की आज चांगलं चाललंय. मला पुन्हा केंद्रातले दिवस आठवले.

मग आमचं कौतुक झालं, आणि सगळं बिघडलं.

एक दंतवैद्य कारखाना बघायला आले होते. त्यांनी मला पाहिलं, चौकशी केली आणि मालकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "वा, एवढा विचार कोण करतो हो आजकाल!" मालकांना ते इतकं गोड वाटलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "बाईंना एकटं वाटता कामा नये. जाता-येता विचारपूस करत चला."

माणसं आज्ञाधारक होती. टकटक करायची हेही त्यांच्या लक्षात होतं. मग काय विचारता. टकटक, बाई बऱ्या आहात ना? टकटक, चहा घेणार का? टकटक, काही नाही, सहज. दिवसभर माझ्या पाठीवर कुणाची ना कुणाची बोटं. मी दार नव्हतो हो, पण त्यांनी माझं दार करून टाकलं. पाहुणे आले की मालक त्यांना माझ्यापर्यंत आणत आणि चवड्यांवर उभे राहून वरून दाखवत. "इथे बसतात आमच्या बाई. अगदी निवांत."

बाईंचे खांदे पुन्हा वर चढले. एकदा टकटक झाली आणि दचकून त्यांची तापलेली सुरी घसरली. समोरचं मेण वितळून दातांची अख्खी ओळ वाकडी झाली. त्या उठून मालकांकडे गेल्या.

"काम नसताना कुणी येऊ नये, असं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"अहो, ती माणसं मायेने विचारतात."

"मला माया नको. शांतता हवी."

मालकांचा चेहरा उतरला. "एवढं करूनही समाधान नाही म्हणजे कमाल आहे," ते म्हणाले. मला ऐकू आलं तसं सगळ्यांनाच आलं. त्या दिवसापासून बाई गर्विष्ठ ठरल्या.

बाईंनी आपला रस्ता काढला. जिन्याखाली प्लास्टरची पोती ठेवायची एक जागा होती. तिथे त्यांनी स्टूल आणि दिवा नेला. तिथे कुणी टकटक करेना. त्यांचं काम पुन्हा नीट होऊ लागलं. खरं तर गोष्ट इथे सुखात संपली असती. पण दंतवैद्यांची मंडळी कारखाना बघायला येणार, फोटो निघणार असं ठरलं, आणि मालक जिन्याखाली गेले.

"उद्या आडोशामागे बसा. पाहुण्यांशी दोन शब्द बोला. आम्ही काय काय केलं ते सांगा."

"मी इथे बसते. इथे काम चांगलं होतं."

"पोत्यांत बसवलंय असं दिसेल हो. माझी लाज जाईल."

"मला बोलायला जमणार नाही."

"मग तुमच्यासाठी एवढं केलं कशाला मी? बसायचं तर जागेवर बसा, नाहीतर काम राहू द्या."

बाईंनी ते शब्दशः घेतलं. दिवा बंद केला, सुरी पुसून ठेवली, अर्धवट कवळीवर ओला फडका घातला आणि छत्री उचलून निघून गेल्या. मालकांना वाटलं, उद्या येतील. त्या आल्या नाहीत.

पॉलिशवाला दुपारी डबा खाताना म्हणाला, "एकटं राहू द्या म्हणत होती. दिलं आपण सगळ्यांनी मिळून." कुणी हसलं नाही.

पाहुणे मात्र आले. माझ्यापुढे उभे राहून त्यांनी फोटो काढले. माझ्यामागे तेव्हा रिकामी खुर्ची होती, पण फोटोत ती दिसत नाही. नंतर भाऊ मला न्यायला आला.

"ताईची वस्तू आहे ती," तो म्हणाला. "आता घरीच बसते. घरात मुलांचा दंगा असतो, कोपऱ्यात लावीन म्हणतो."

"तुम्हाला नवीन करून देतो की," मालक म्हणाले. "हा आता कारखान्याची ओळख झालाय. आमच्या माहितीपत्रकावर आहे हा." भाऊ रिकाम्या हाताने परत गेला. नवीन आडोसा काही गेला नाही. गेला असता तर माझ्यासमोरूनच गेला असता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आमची काळजी घ्या. माझी नका घेऊ. मला रोज फडका मिळतो. मागच्या महिन्यात जिराफाला नवा रंग दिला, बिजागऱ्यांना तेल घातलं. इथे माझ्यावाचून कुणाचं अडलेलं नाही, तरी माझं सगळं वेळच्या वेळी होतं.

तशा बाई मात्र तुमच्या शेजारच्या घरात असतील, तुमच्या शाळेत कामाला असतील, कदाचित तुमच्या आत्या किंवा मावशी असतील. त्यांना विचारा, तुम्हाला काय हवं आहे. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ गप्प बसा. आणि त्या जे सांगतील, तेवढंच करा.