यंदा नुसती बुचं

मे अर्धा सरला, इथला हिवाळा तोंडावर आला, पॉपलरची पिवळी पानं पाटाच्या पाण्यात साचू लागली, की ओफेलियाच्या घरी सेफेरिनो यायचा. छपरावर पोहण्याच्या तलावाचं पाणी उन्हावर तापवणारी सहा काळी पॅनेल होती. प्रत्येकात प्लास्टिकच्या बारीक नळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या. कडाक्याच्या थंडीत त्यांत घोटभर पाणी जरी राहिलं, तरी ते गोठून फुगतं आणि नळी उभी फाडतं. म्हणून सेफेरिनो वरची हवेची झडप उघडायचा, खालून पाणी सोडायचा आणि मग कॉम्प्रेसरची हवा मारून नळ्या कोरड्याठाक करायचा.

खुब्याच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली होती. ओफेलिया रोज तासभर पोहायची, म्हणून चालू शकायची. तलाव बंद असला की महिन्याभरात काठी हातात यायची.

"दोन्या ओफेलिया, पोपटांनी चार नळ्या कुरतडल्यात," सेफेरिनो छपरावरून ओरडला. "यंदा नुसती बुचं मारतोय."

"बुचं? तुकडा घालून जोड की! बूच मारणारा कारागीर नव्हे, बाटलीवाला, असं तूच म्हणतोस ना?"

"म्हणतो खरा."

"बूच मारलं की ती नळी बंदच पडली. मग पाणी तापणार कसं? आणि कॉम्प्रेसर कुठाय?"

सेफेरिनो शिडीवरून खाली आला. टोपी काढून उगाच झटकू लागला.

"तुमचे साहेब म्हणाले, एवढं नको करू. निथळेल तेवढं निथळू दे. नवीन लोक गॅसवरच पाणी तापवणार आहेत."

"कुठले नवीन लोक?"

त्याचा चेहरा पडला. "दोन्या, आईशप्पथ, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

ओफेलिया भिंतीला टेकली. गेल्या गुरुवारी माते नावाच्या कडू चहाचा दुसरा घोट घेताना निकानोरने एक कागद पुढे सरकवला होता. 'पाणीपट्टीचा आहे, इथे सही कर,' म्हणत जागेवर बोटही ठेवलं होतं. तिने न वाचता सही केली होती. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने बोट ठेवल्यावर वाचायचं काय?

फाटक वाजलं. निकानोर तोर्तितांची, गरम छोट्या पावांची, पिशवी घेऊन आत आला आणि दोघांची तोंडं पाहून थबकला.

"घर विकतोयस?"

त्याने आधी सेफेरिनोकडे पाहिलं. "जिभेला हाड नाही तुझ्या!"

"त्याच्याकडे काय बघतोस? इकडे बघ."

"हिवाळ्यात सांगणारच होतो. तेव्हा तलाव बंदच असतो, तुझ्या मनाला एवढं लागलं नसतं." त्याचा आवाज मऊ झाला. "शहरात मुलाजवळ फ्लॅट बघितलाय. लिफ्ट आहे. ही बाग, हे छप्पर... मी थकलोय गं."

"थकलास तर तसं म्हणायचं. भांडले असते, रडले असते, कदाचित आलेही असते. पाणीपट्टी कशाला म्हणालास?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी सही केलेला तो कागद आण."

"घरात नाहीये. आत्ता येता येता दलालाकडे देऊन आलो."

म्हणजे पाव आणायला एवढा वेळ लागला तो यासाठी. ओफेलियाला हसू आलं.

"सेफेरिनो, कॉम्प्रेसर घेऊन ये. बुचं काढ, चारही नळ्या जोड. एक थेंब आत राहता कामा नये."

"आत्ताच जातो, दोन्या."

"अगं, घर जाणारच आहे, तर कशाला—"

"माझी सही मी परत घेणार आहे. चल, गाडी काढ. दलालाच्या दारापर्यंत तूच सोडायचंस मला."

"तोर्तिता गार होतील," निकानोर पुटपुटला.

त्याने गाडी काढली, सवयीने आतून हात लांबवून शेजारचं दार उघडलं. ओफेलियाने ते बाहेरून लोटून बंद केलं आणि टॅक्सीत बसावं तशी मागे जाऊन बसली.