सोळा वड्या खरवस

दूध आणि साखर सोडून हर्षवर्धनला एकेचाळीस दिवस झाले होते, आणि उमेळे गावाच्या वळणावर त्याला सिमेंटची गोणी बघून पेढ्याची आठवण आली. कामणच्या गोदामात नोकरी करताना तो दिवसाला अकरा कटिंग चहा प्यायचा. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "कमी करा." पण कमी करणं हा प्रकार त्याला जमत नसे. त्याने सगळंच सोडलं. तेव्हापासून त्याचा एक पाय सतत हलायचा, झोपेत दात चावले जायचे, आणि आज याच अवस्थेत त्याला हेमांगीच्या वडिलांना पसंत पडायचं होतं.

हेमांगी त्याच्याच गोदामात बिलिंगला होती. तिने बजावलं होतं, "आईबाबा हो म्हणाले तरच तुझ्या घरच्यांना बोलवायचं. नीट वाग. पाय हलवू नकोस."

तिच्या वडिलांकडे, श्रीपतरावांकडे, तीन म्हशी होत्या. आजूबाजूच्या वाड्या बिल्डरांनी खाल्ल्या, म्हशी तेवढ्या राहिल्या. त्यातली एक परवा व्याली होती.

"बस," हर्षवर्धन घरी पोचताच श्रीपतराव म्हणाले. "आज पयल्या चिकाचा खरवस हाय. नशीबवान हायस."

हर्षवर्धन बसला आणि त्याचा पाय हलू लागला. "काका, मी दूध घेत नाही. साखरही नाही."

श्रीपतरावांनी त्याच्याकडे बघितलं. कुणी 'मी हवा घेत नाही' म्हणावं तसं.

"बाबा, मी सांगितलं होतं ना," हेमांगी म्हणाली.

"चिकाला नाय म्हनत नाय कोनी. नाय म्हटलं तर म्हैस आटते." ते उठले. "चल. आधी शेजारी वाटून येऊ. मग तुझ्या तोंडाचं बघू."

हेमांगीची आई हंसाबाई आतून डबा घेऊन आली. "सोळा वड्या हायत. चार घरं, चार-चार. मोजून दिल्यात." हे ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. श्रीपतरावांना शुगर होती आणि वर्षभर हंसाबाईने त्यांना गोडाचा कण दिला नव्हता. मागे एका लग्नात त्यांनी जिलबी खाल्ली, तर तीन महिने रोज सकाळी कारल्याचा रस पाजला होता.

पहिलं घर आल्बर्टचं. त्याने डबा उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि झाकण लावलं. "श्रीपत, माझी शुगर दोनशे साठ. पोरीने फ्रिजला कुलूप घातलंय. तू मित्र हायस की कोन?"

दुसऱ्या घरात सून डाएटवर होती आणि तिने सासूलाही डाएटवर घेतलं होतं. तिसऱ्या घरच्या आजोबांना दुधाने पोट फुगायचं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. चौथ्या घराला कुलूप होतं. ती माणसं शेजारच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर गेली होती आणि लिफ्ट बंद होती.

"चार नकार," श्रीपतराव म्हणाले. "तुझा पाचवा. म्हशीच्या कानावर जाईल हे." आता त्यांचाही पाय हलत होता. रस्त्याच्या कडेला दोघे डबा मध्ये ठेवून उभे राहिले. झाकणाच्या फटीतून वेलची-जायफळ येत होतं. हर्षवर्धनने श्वास रोखून बघितला. एकवीसपर्यंत जमलं.

"डबा दे इकडं. मी बघून येतो, तिकडं कोनी वळखीचं हाय का." श्रीपतराव बिल्डरने घातलेल्या पत्र्याच्या कुंपणामागे गेले.

ते मिनिटभराने परतले. चेहरा असा, की पत्र्यामागे कुणी वारलं असावं.

"काय झालं काका?"

"काय नाय. चल घरी."

घरी हंसाबाईने डबा उघडला. भरलेला परत आला म्हणून ती हळहळली, आणि मग मोजायला लागली. दोनदा मोजलं.

"पंधरा. एक कोनी खाल्ली?"

श्रीपतरावांनी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. हर्षवर्धनने त्यांच्या मिशीकडे बघितलं, मग हेमांगीकडे. कारल्याचा रस पाजलेला सासरा हो म्हणणार नाही, हे गणित त्याने झटकन केलं. एकेचाळीस दिवस खड्ड्यात गेले.

"मी खाल्ली," तो म्हणाला.

हंसाबाई एकदम फुलली. "खाल्लीस? अगो बाय! कशी लागली?"

"गोड," हर्षवर्धन मनापासून म्हणाला. एवढ्या दिवसांची आस त्या शब्दात होती. "एकदम गोड. साखर अगदी बरोब्बर."

हंसाबाईने डब्याचं झाकण खाली ठेवलं. मागे म्हैस रवंथ करत होती.

"साखर घातलीच नाय मी," हंसाबाई म्हणाली. "तू सोडलीयस असं हिने सांगितलं, म्हनून मुद्दाम बिनसाखरेचा केला."

"आई, दूधही सोडलंय. तेही सांगितलं होतं."

"ते मी धरलंच नाय. दूध काय सोडायची वस्तू हाय? दारू हाय ती?"

मग दोघी मायलेकी एकदम श्रीपतरावांकडे वळल्या. त्यांनी मिशी पुसली.

"मला नाय आवडली," ते म्हणाले.

हंसाबाईने कारल्यांच्या टोपलीकडे हात नेला, थांबली, आणि हर्षवर्धनला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. त्याचे आता दोन्ही पाय हलत होते.

"पोरगा खोटं बोलतो," ती हेमांगीला म्हणाली. "पन बोलता येत नाय त्याला. अशा मानसावर लक्ष ठेवायला सोपं जातं. रविवारी घेऊन ये म्हनावं आईबापाला."

ती रस काढायला आत गेली. हेमांगी हसू दाबत तिच्यामागे गेली. श्रीपतराव खुर्ची सरकवून जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुझे वडील? त्यांचं पन असंच, काय खात नाय?"

"त्यांची शुगर तीनशे आहे, काका."

"तीनशे," श्रीपतराव आदराने म्हणाले. "म्हंजे खातात."