चिखलातल्या बाईचा दुसरा भाग

"'पहिल्या भागाला पाचपैकी चार, दुसऱ्याला एक,'" प्राचीने मोबाइलवरून वाचून दाखवलं. "'गाण्याच्या सीनला आवाजच गायब. डबिंगवाले झोपले होते का?' आजी, हा पण तेच लिहितोय बघ."

वेणूबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कोन हाय यो?"

"तळोज्याचा कोणीतरी. पण सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. आवाज गेला, सिनेमा फुकट गेला."

"आवाज नाय गेला," वेणूबाई म्हणाल्या आणि दाणे पातेल्यात टाकले.

प्राची ही त्यांची नात. दिवसा द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आणि संध्याकाळी यूट्यूबवर सिनेमांबद्दल बोलायला. त्यातही तिचं एक खूळ होतं. ती फक्त दुसऱ्या भागांबद्दल बोलायची. पहिल्या भागाचं कौतुक अख्खं जग करतं, दुसऱ्याला मात्र कोणी वाली नसतो, असं तिचं म्हणणं. सिनेमा मग कोणत्याही देशातला असो. ती आपलं मत सांगायची, बघणारे खाली आपापली मतं लिहायचे आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तिथे मजेत भांडणं चालायची. घरात तिच्या या उद्योगाला आजीशिवाय कोणी विचारत नव्हतं. आजीला मात्र तिच्याबरोबर सिनेमा बघायला बोलवावं लागत नसे, ती आधीच टीव्हीसमोर जाऊन बसलेली असे.

सध्या भांडण चाललं होतं ते एका रशियन सिनेमावरून. त्याचं नाव वेणूबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या त्याला सरळ 'चिखलातली' म्हणत. गोष्ट अशी, की एका दलदलीत बुडून मेलेली बाई दर लग्नाला नवरी न्यायला वर येते. तेव्हा दोन म्हाताऱ्या बहिणी काठावर बसून गाणं म्हणतात. गाणं चालू आहे तोवर चिखलातली पुढे सरकू शकत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी त्या दोघींतली एक मरते. दुसऱ्या भागात पुन्हा लग्न निघतं, पुन्हा ती बाई कमरेपर्यंत वर येते आणि काठावर एकच म्हातारी उरलेली असते. ती एक ओळ गाते आणि गप्प होते. ओठ मिटलेले, सगळं शांत. चिखलातली जागच्या जागी उभी. मग म्हातारी पुढची ओळ गाते.

याच शांततेला बघणाऱ्यांनी धोपटून काढलं होतं. हिंदी करताना आवाज उडाला, असं जवळजवळ सगळ्यांचं मत पडलं.

"आवाज नाही गेला तर मग काय झालं?" प्राचीने विचारलं.

वेणूबाईंनी हात थांबवले. "ती जोडीनीला जागा देते."

 प्राचीला सुनंदाआजी आठवली.

वेणूबाई म्हणजे करंजाड्याची धवलारीण. लग्नाच्या एकेका विधीला धवले गाऊन देवांना आणि गेलेल्या माणसांना मांडवात आवतण द्यायचं, हे धवलारणीचं काम. आगरी घरात तिच्यावाचून हळद लागत नसे. वेणूबाई आणि सुनंदा अशी जोडी होती. दोन पाट शेजारी शेजारी मांडायचे, वेणूने ओळ टाकायची, सुनंदाने उचलायची. उरणपासून पनवेलपर्यंत या जोडीने इतकी लग्नं लावली होती, की बाजारात मासळी घेतानासुद्धा कोणीतरी येऊन पाया पडायचं. मग कोरोना आला आणि सुनंदाला घेऊन गेला. तिला पोचवायलासुद्धा कोणाला जाता आलं नाही.

त्यानंतर बोलावणी आली, तेव्हा वेणूबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: दोघींचं काम एकटीनं होत नाय. लोकांनीही फार आग्रह केला नाही, कारण डीजे कधी नाही म्हणत नाही. हळूहळू बोलावणी थांबली.

आता प्राचीचंच लग्न महिन्यावर आलं होतं. मुलगा प्रणित न्हावा शेव्याला क्रेन चालवायचा. वेणूबाईंचा मुलगा हरेश, म्हणजे प्राचीचा बाप, याचे डंपर होते. त्याने हायवेजवळचा लॉन ठरवला होता. हळदीला डीजे होता, फोटोवाले होते, फुलांचा झोपाळा होता. धवला नव्हता. कोणी मुद्दाम टाळला असंही नाही. आईनेच सोडलंय म्हटल्यावर हरेशने विषय काढला नाही एवढंच. पण नातीच्या हळदीला आपण गायचं हे वेणूबाईंनी तिच्या बारशालाच मनाशी ठरवलं होतं, आणि आता कोणत्या तोंडाने ते म्हणावं हे त्यांना सुचत नव्हतं. गावातल्या पोरींना नाही म्हणून बसलेली बाई घरच्या पोरीसाठी कशी उठणार?

तो सिनेमा पाहिल्यापासून मात्र त्यांच्या मनाने उचल खाल्ली होती. ती रशियातली म्हातारी एकटी गाऊ शकते, तर आपण का नाही?

"आजी, हे कॅमेऱ्यासमोर बोल," प्राची म्हणाली.

वेणूबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. पदर सारखा केला, वालाचं पातेलं तेवढं बाजूला सरकवलं आणि बोलल्या. "मी वेणू, करंजाड्याची. मना रशियाचं काय ठावं नाय. पन तुमी सगली बोलताव आवाज गेला, आवाज गेला, तसं मना नाय वाटत. यो दोघींचं गानं हाय. एक मेली. मग तिच्या वाटनीचं कोन गानार? म्हनून ही गप रवते, तिला जागा देते. ती चिखलातली पन थांबते, कारन तिला पन समजतं. मना हा भाग पयल्यापेक्षा जास्त आवडला. पयल्या भागान दोघी होत्या, त्यान काय मोठं? एकटीनं गायाला जास्त जीव लागतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ प्राचीच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंच्या पुढे गेला. मतंही धो धो आली. 'आजी गोड आहेत, पण हा टेक्निकल फॉल्ट आहे.' 'फाइल खराब आहे, कोणीतरी आजींना समजावा.' एकाने लिहिलं, 'आमच्या टीव्हीचा पण काल आवाज गेला. बहुतेक तोही कोणालातरी जागा देत असावा.' त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती.

हरेश घरी आला तो तापलेलाच. "आये, माज्या डायव्हरांच्या मोबाइलवर फिरतंय ते. मना दाखवून हसतात. प्रणितच्या घरच्यांनी बगितलं तं काय बोलतील? पोर सासरी चालली आनी आजी भुताच्या पिक्चरवर भाषन देते."

"पप्पा, प्रणितनेच पहिला लाइक केलाय," प्राची म्हणाली.

"तू गप बस. ते काढ आदी."

वेणूबाई मध्ये पडल्या. "काढून टाक गो प्राची."

"का? तुझं मत बदललं का?"

"मत नाय बदललं." वेणूबाई म्हणाल्या. "पन फाइल खराब हाय ना? मंग मी जे समजलू ते समदं खोटंच."

लोक हसल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. धवलारणीला लग्नघरात थट्टा सोसायची सवय असते. वाईट याचं वाटत होतं, की ती म्हातारी एकटी गातच नव्हती. कुठेतरी एक वायर निघाली होती आणि त्या वायरीच्या भरवशावर त्यांनी नातीच्या मांडवात बसायचं ठरवलं होतं. त्या उठून आत गेल्या आणि रात्री त्यांच्या ताटातली वालाची भाजी तशीच राहिली. प्राचीने आजीच्या शब्दाला पहिल्यांदाच दाद दिली नाही. व्हिडिओ काढला नाही.

दोन दिवसांनी ती ऑफिसातून आली तीच चप्पल न काढता स्वयंपाकघरात शिरली. "आजी, इलान कोण?"

"कोन इलान?"

"स्वतःला जोकबेदबाईंचा नातू म्हणवतोय."

वेणूबाईंना जोकबेदबाई चांगल्या आठवत होत्या. पनवेलला सिनेगॉगच्या मागे राहायच्या, शाळेत शिकवायच्या. मिठागरं चालू होती तेव्हा वेणूबाई त्यांच्या दारात मीठ घेऊन जायच्या आणि चहा पिऊन परत यायच्या. नंतर ते सगळं घर इस्रायलला गेलं.

प्राचीने व्हिडिओखाली त्याने लिहिलेलं वाचायला सुरुवात केली. "'वेणूमावशी, नमस्कार. मी आता अश्दोदला असतो, पण पनवेलचं जे दिसेल ते बघतो. माझ्या बायकोच्या माहेरी रशियन बोलतात. आम्ही दोघांनी हा सिनेमा मूळ रशियन भाषेत पाहिला. त्यात त्या जागी आवाज आहे. मेलेली बहीण चिखलाखालून गाते. हिंदी करताना तिचा आवाज राहून गेला असावा. म्हणजे आवाज गेला म्हणणारे बरोबर आहेत. पण ती जागा बहिणीचीच होती, हे तुम्हाला तिचा आवाज न ऐकता कसं कळलं, असं माझी बायको विचारते आहे.'"

"परत वाच," वेणूबाई म्हणाल्या.

प्राचीने परत वाचलं.

"म्हंजे ती गात व्हती."

"हो. आपल्याकडे ऐकू आली नाही, एवढंच."

वेणूबाई आधी हसल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. कोरोनात रडायचं राहून गेलेलं होतं, तेही त्यात आलं असणार. प्राची शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने वेणूबाईंनी तोंड पुसलं आणि बाहेर गाडी लावण्याचा आवाज आला तसं म्हणाल्या, "हरेशला बोलव."

हरेश दारात आला.

"हलदीला मी धवला गानार."

हरेश गोंधळला. "आये, तूच बोललीस ना, एकटीनं होत नाय?"

"तवा नव्हतं होत."

"पन डीजेला टायम दिलाय."

"त्याला म्हनावं, माजं झाल्यावर वाजव. आनी दोन पाट मांड."

"दुसरा कोनासाठी?"

विचारता विचारताच त्याला उमगलं. हरेश लहान असताना आई लग्नात गात बसली, की सुनंदामावशीच्या मांडीवर झोपायचा. त्याने मान खाली घातली आणि पाट शोधायला माळ्यावर चढला.

हळदीच्या दिवशी उन्हं उतरताना लॉन माणसांनी भरला होता. फुलांच्या झोपाळ्यासमोर दोन पाट मांडलेले होते. एकावर वेणूबाई बसल्या, हिरवं लुगडं नेसून. दुसऱ्यावर त्यांनी मूठभर तांदूळ ठेवले. सुनंदा गायला बसण्याआधी तसेच ठेवायची. डीजेवाल्याने माईक पुढे केला. वेणूबाईंनी माईकशिवायच मिठागरापलीकडे आवाज पोचवला होता, पण त्याचं मन मोडलं नाही.

"खाडीच्या देवा, तू येरे मांडवाला," त्यांनी ओळ टाकली. आवाज पहिल्या दोन शब्दांना घोगरा आला, मग मोकळा झाला.

आणि त्या गप्प झाल्या.

डीजेवाला धावत आला. त्याने वायर हलवली, माईकवर टिचकी मारली, पेटीवरची बटणं फिरवली. पिवळ्याजर्द तोंडाची प्राची झोपाळ्यावरून त्याला हाताने नको नको करत होती. वेणूबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि शेजारी गवतावर बसवलं. तेवढा वेळ सुनंदाला पुरला.

"माज्या नातीच्या हलदीला," त्यांनी दुसरी ओळ टाकली.

तिसऱ्या ओळीपर्यंत म्हाताऱ्या बायकांना कळलं. त्यांनी आपल्या सुनांना गप्प केलं. पाचव्या ओळीपर्यंत सगळ्या लॉनला कळलं होतं. वेणूबाई थांबल्या, की चहाचे ट्रे घेतलेली पोरं थांबायची, हायवेवरचे कंटेनर तेवढे ऐकू यायचे. एवढी माणसं एका बाईसाठी, तेही मेलेल्या बाईसाठी, गप्प बसली होती. वेणूबाईंचा आवाज चढत गेला. त्यांना दम लागला नाही, एकही शब्द चुकला नाही. देवांना आवतण झालं, पितरांना झालं, आणि शेवटी त्यांनी सुनंदाचं नाव घेतलं तेव्हा प्रणितकडच्या बायकाही डोळे पुसत होत्या.

नंतर डीजे वाजला आणि सगळे नाचले, वेणूबाईसुद्धा. जाताना वडघरची एक बाई त्यांच्या हाताला धरून म्हणाली, "आमच्या पोरीची हलद हाय माघ महिन्यान. तुमी येशाल का?"

"येन," वेणूबाई म्हणाल्या. "दोन पाट मांडा."

लग्नानंतर प्राचीने धवल्याचा व्हिडिओ आपल्या चॅनलवर टाकला. आपण सिनेमांच्याच दुसऱ्या भागांबद्दल बोलतो हा नियम तिने एवढ्यापुरता मोडला. दुपारी तिचा सासरहून फोन आला, तेव्हा हरेश जेवायला बसला होता आणि वेणूबाई वाढत होत्या. त्यांनी फोनचा स्पीकर लावून तो ओट्यावर ठेवला.

"आजी, खूप जणांनी लिहिलंय. इलानच्या बायकोने दोनदा बघितला म्हणे. पण पहिलं मत ऐक." प्राची हसत होती. "'मध्ये मध्ये साउंड जातोय. चेक करा.'"

"बोलू दे," वेणूबाई म्हणाल्या. "त्याचं मत हाय ते."

"अगं, त्याला उत्तर आलंय खाली. आपल्या पप्पांनी लिहिलंय. 'आवाज गेला नाय. तिथं सुनंदामावशी गाते.'"

हरेशने मान वर केली नाही. तो भातातून काटे निवडत असल्यासारखा ताटात बघत राहिला.  कढईतला तळलेला बोंबील वेणूबाईंनी त्याच्या ताटात वाढला, आणि त्याने नको म्हणायच्या आत आणखी एक.