ना लाकडाची, ना दगडाची

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. एवढ्यावर थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तुम्ही लगेच विचारणार, कशाची? तिथंच माझं घोडं पेंड खातं. लाकडाची म्हणावं, तर मी जन्मात झाड पाहिलेलं नाही. दगडाची म्हणावं, तर साधी झुळूक आली तरी माझा जीव वरखाली होतो. वडवणीच्या बाजारपेठेत माझं आयुष्य गेलं, पण एक दिवस स्वस्थ बसले असेन तर शपथ.

मी आले वाळूजच्या एका कारखान्यातून. तिथं गाड्यांचे भाग ओतण्याआधी त्यांचे नमुने कोरून बघतात. त्या कामाला हळदीच्या रंगाचे जाड फळे लागतात. रसायनं फेसाळून घट्ट केली की असा फळा तयार होतो. आतून पावासारखा, पण हातानं दाबला तर दबत नाही. नमुना कोरून झाला की उरलेले तुकडे भंगारात जातात. मीही गेले असते. पण अल्ताफ नावाच्या कामगाराला माझी कीव आली. कीव कसली, बहिणीची काळजी आली म्हणा.

त्याची बहीण आमिनाबी वडवणीला दिलेली होती. तिचा नवरा मुनव्वर मिस्त्री म्हणजे दारं आणि चौकटी कोरण्यात पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. पण त्या वर्षांत वारं फिरलं होतं. गावात एसटीडीचे बूथ आले, शाम्पू पुडीत मिळू लागला आणि नव्या घरांना लोखंडी चौकटी बसू लागल्या. सागवान दिसेनासं झालं. ज्या हातानं वेलबुट्टी काढली, तो हात लोकांची फुगलेली दारं रंधून देऊ लागला. अल्ताफनं कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता, मेहुण्याला पहारेकरी म्हणून घ्या. आमिनाबीनं अर्धी भांडी गोणीत भरलीही होती. गाव सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण बोलणार कोणाला?

मेहुण्याला कोरायला काहीतरी मिळावं म्हणून अल्ताफनं आम्हा तुकड्यांचं मोठं गाठोडं एसटीच्या टपावर टाकलं. कंडक्टर म्हणाला, "एवढं बोजड सामान? लगेज काढावं लागंल." मग त्यानं एका हातानं गाठोडं उचलून पाहिलं आणि गपचूप शिटी मारली.

आमिनाबीनं मला पाहताच कपाळाला हात लावला. "अगे मा! ये क्या लाया रे तू? लकडी हय की मैसूरपाक?"

अल्ताफ हसला नाही. तो मुनव्वरला म्हणाला, "दुल्हेभाई, एक बात ध्यान में रखना. ये कील नहीं पकडता. पीछे लकडी की पट्टी चिपकाना, स्क्रू उसीमें मारना."

मुनव्वरनं तुकड्याला तुकडा चिकटवला, मागं दोन लाकडी पट्ट्या बसवल्या आणि पटाशी लावली. पहिल्याच घावाला त्याचा तोल गेला. लाकडाला रेषा असतात. त्या जिकडं धावतात तिकडं हात चालवायचा, उलटा चालवला की लाकूड चिरतं. आयुष्यभर तो त्या रेषांशी भांडत आला होता. माझ्यात रेषाच नाहीत! पटाशी डावीकडं ढकलली तरी जाते, उजवीकडं ढकलली तरी जाते. त्यानं हातोडी बाजूला ठेवली आणि नुसत्या मनगटाच्या जोरावर कोरू लागला. माझा पिवळा भुगा घरभर उडाला, आमिनाबीच्या कढीवर बसला, तिनं चार शब्द सुनावले. मिस्त्रीला मात्र त्याचं भान नव्हतं. कितीतरी दिवसांनी तो काम करताना गुणगुणत होता. मला वाटलं, चला, आपलं कोणीतरी झालं.

मी पाटी होणार होते राजेश्वरआप्पांच्या नव्या कापड दुकानाची. लेकीच्या नावानं 'रुद्राणी वस्त्र भांडार' अशी टपोरी अक्षरं आणि त्यांच्या डोक्यावर बसलेला नंदी; सगळ्यावर रंगाचे दोन हात. आप्पांचं घराणं शंकराचं भक्त, नंदीशिवाय त्यांचं पान हलत नाही. काम बघायला सुंदरराव येणार होते. ते बीड रस्त्याला मंगल कार्यालय बांधत होते आणि त्यांना दाराशी दोन हत्ती हवे होते. त्यांनी मुनव्वरला स्पष्ट सांगितलं होतं, "राजेश्वरची पाटी बघतो. जमली तर हत्ती तुझे." म्हणजे मी जमले तर मिस्त्री वडवणीत राहणार, फसले तर वाळूजला शिटी फुंकत फाटकावर उभा राहणार. एवढं ओझं माझ्या पाठीवर! आणि मी तर उचलायला पिसाएवढी.

त्या हलकेपणाचीच मिस्त्रीला लाज वाटू लागली. आप्पा गृहीत धरून चालले होते की पाटी सागवानाची आहे. "कशी झाली मिस्त्री?" असं त्यांनी विचारलं की हा म्हणे, "तुमी बघाच." खोटं बोलला नाही आणि खरं बोलायची हिंमत झाली नाही. उद्घाटनाच्या सकाळी तर त्यानं कहर केला. मला आणायला दोन हमाल बोलावले आणि वाटेत ओरडत राहिला, "संभाळून! लई जड हाय!" हमाल बिचारे एकमेकांकडं बघत कण्हू लागले. हसावं की रडावं मला कळेना.

दुकानापुढं मांडव, पेढे, पाहुणे. मला एका स्टुलावर उभं केलं. आणि मग आप्पांच्या आई, बायनाबाई, हातात खिळा आणि हातोडी घेऊन पुढं आल्या. त्यांच्या घरची रीतच होती, नवीन चौकट असो, पाळणा असो की पाटी, पहिला खिळा घरातल्या थोरल्या बाईनं मारायचा. त्या खिळ्याला लिंबू-मिरची बांधायची, मग पूजा, मग नारळ.

"हितं मारते," म्हातारी म्हणाली. "शिंगाच्या बुडाला. लिंबू समद्याला दिसलं पायजे."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्याला अल्ताफचं बोलणं आठवलं असणार. त्यानं तोंड उघडलं, आणि नेमकं त्याच वेळी आप्पा पाहुण्यांना म्हणाले, "अस्सल सागवान हाय बरं का! मिस्त्रीच्या हातचं." मिस्त्रीनं तोंड मिटलं. मित्रांनो, मला वाचा असती तर मी किंचाळले असते. बोल रे बाबा, बोल!

म्हातारीचा हात शेतातला, दणकट. एकच घाव घातला. खिळा तर रुतला नाहीच, नंदीचं शिंग मात्र बुडापासून तुटलं आणि आवाज न करता मांडवाच्या सतरंजीवर पडलं. तुटलेल्या जागी माझं पिवळं अंग उघडं पडलं.

 पत्र्याच्या पाट्या रंगवणारा पंडित पुढं वाकला, शिंग बोटांत धरून म्हणाला, "थर्माकोल हाय बे हे!"

हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा लालबुंद झाले. "मिस्त्री, माझ्या दारावर थर्माकोल लावता व्हय? आन् वर सागवान म्हणून?"

"भंगलेला नंदी दारावर चढत न्हाई," बायनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. नव्या दुकानाच्या दिवशी आपल्याच हातून असं व्हावं, हे त्या माउलीला सहन होत नव्हतं.

सुंदरराव चपला घालू लागले होते. आमिनाबी मांडवाच्या कडेला उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला.

मुनव्वर माझ्यासमोर आला. त्यानं माझ्या तुटक्या जागेवर हात टेकला. "आप्पा," तो म्हणाला, "सागवान हे मी म्हणलो न्हाई. पन तुमी म्हणत व्हता तवा गप बसलो, म्हंजी खोटंच बोललो. हे लाकूड न्हाई. थर्माकोल बी न्हाई. कारखान्यातला फळा हाय. ह्याला कीड लागत न्हाई, पान्यानं फुगत न्हाई. पन खिळा धरत न्हाई. ह्या मायला थांबवायला पायजे व्हतं, न्हाई थांबवलं."

"कावून न्हाई सांगितलंस आदी?" म्हातारीनं विचारलं.

"शरम वाटली, माय. सागवान कोरणारा माणूस मी."

 मिस्त्रीनंच पुढं विचारलं, "पूजा व्हायची हाय ना अजून? इजाजत असंल तर नंदीला हात लावू का?"

बायनाबाईंनी मानेनंच हो म्हटलं. मिस्त्रीनं पिशवीतून पटाशी काढली आणि सगळ्यांदेखत नंदीचं दुसरं, धडधाकट शिंग कापून टाकलं! लोकांच्या तोंडून "अरे अरे" निघालं. मी तर डोळेच मिटले. पण त्याची पटाशी थांबेना. इकडून चालली, तिकडून चालली. शिंगांच्या जागी दोन गुळगुळीत उंचवटे आले, कपाळ रुंद झालं, कान जरा मोठे वाटू लागले, वशिंड घासून बारीक झालं. भुगा पाहुण्यांच्या टोप्यांवर पडत होता आणि माणसं पेढे हातात धरून बघत होती. पंडितसुद्धा बघत होता.

मिस्त्री मागं सरला. "भंगला न्हाई माय आता. ह्याला अजून शिंगं फुटायचीत."

बायनाबाईंनी डोळे बारीक केले आणि एकदम हसल्या. "अगं बया! गोऱ्हा केला की! राजेश्वर, बग, दुकान आज जन्मलं, तर नंदी बी आजचाच पायजे की रं. वाढंल दुकानासंगट."

आप्पांचा राग पुरता गेला नव्हता, पण आईपुढं त्यांचं काय चालणार? मिस्त्रीनं मला फिरवून पाठीमागची लाकडी पट्टी दाखवली. "खिळा हितं मारा, माय." म्हातारीनं मारला. खिळा घट्ट बसला. मी वर चढले.

सुंदरराव चपला घालून तसेच उभे होते. मुनव्वर स्वतः त्यांच्याकडं गेला. "आदीच सांगतो साहेब. हत्ती ह्याच फळ्याचे असतील, सागवानाचे न्हाई. खिळा मारायचा न्हाई, ढकलायचं न्हाई, दोन वर्साला रंग द्यायचा. पटत असंल तर बोला."

"आन् सोंड तुटली तर?" सुंदररावांनी विचारलं.

"तर मला बोलवायचं. हितंच ऱ्हातो मी."

सुंदररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळी आमिनाबीनं गोणी उपसून भांडी परत फळीवर मांडली. तो खणखणाट मी बाजारातून ऐकला नाही, पण दुसऱ्या दिवशी मिस्त्री मला बघायला आला तेव्हा त्याचीच गोष्ट गल्लीत सांगत होता.

पुढं कितीतरी वर्षं मी त्या दुकानावर होते. वावटळ आली की थरथरायचे, बायनाबाई वर बघून म्हणायच्या, "गोऱ्हा बुजला." मग छापील फ्लेक्सचे दिवस आले. रुद्राणीच्या हाती दुकान आलं, तिनं झगमगीत फ्लेक्स लावला आणि मला मागच्या भिंतीला टेकवलं. तिचा राग नाही मला. पण कापडाचे गठ्ठे ओढताना माझी अक्षरं खरचटतात, रंग देण्याचं कोणाला आठवत नाही, आणि आलेला प्रत्येक हमाल विचारतो, "हे थर्माकोल टाकायचं का?"  मिस्त्रीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही; तो आला की बोटांनी माझा गोऱ्हा चाचपतो आणि हमालांवर खेकसतो.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी अशी कोणी ओळख नसलेली वस्तू असेल, तर तिला सागवान समजून खिळे मारू नका आणि थर्माकोल समजून उकिरड्यावर फेकू नका. ती काय आहे, तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे तिच्या माणसाला विचारा. आणि तुम्हीच तिचे माणूस असाल, तर लाजू नका, चारचौघांत मोठ्यानं सांगा. आम्ही मुक्या आहोत हो. आमच्या वतीनं कोणी बोललं, तरच आम्ही भिंतीवर राहतो.