अंगावर पट्टा असेपर्यंत

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. गळ्यातला नव्हे. गळ्यातला पट्टा कुत्र्याला धरून ठेवण्यासाठी असतो. मी अंगावरचा, छाती आणि खांद्यांना वेढून बसणारा, पाठीवर ताठ मूठ असलेला. माझं एक टोक कुत्रीच्या खांद्याशी असतं आणि दुसरं एका मुलीच्या डाव्या हातात. कुत्रीला जे दिसतं ते माझ्यातून त्या हाताला कळतं. मला वाचा नाही. मी कलतो, थांबतो, उचलला जातो, एवढीच माझी भाषा. पण त्या भाषेवर एक जीव विसंबून रेल्वेच्या फलाटावर चालतो, म्हणून मी स्वतःला लहान समजत नाही.

दूरच्या एका शहरात, अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री जिथं शिकवतात, तिथं मी जन्मलो. कातडं तेलात मुरवून, दोन पदरी करून मला शिवलं. आधी एका कुत्र्याच्या अंगावर मी पुष्कळ पावसाळे काढले. तो म्हातारा झाला, आणि माझे टाके नव्याने घालून मला रेवाच्या अंगावर चढवलं. रेवा काळी, लांब कानांची, खायला हावरी. तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी, की पट्टा अंगावर असेपर्यंत काही खायचं नाही, आणि कुणी हाक मारली तरी जायचं नाही. शिकवणारे त्याला नियम म्हणत. मला तो नेम वाटे, एखाद्या घरात देवापुढे धरलेला असतो तसा. दुसरी गोष्ट याहून कठीण होती. मालकीण ‘पुढे’ म्हणाली आणि पुढे धोका असला, तर तिचं ऐकायचं नाही. कुत्र्याला ऐकायला कुणीही शिकवील. न ऐकायला शिकवणं फार अवघड.

तिथून आम्ही आलो कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरच्या केळवलीला, हर्षलाच्या घरी. हर्षला लहानपणी तापात दृष्टी गेलेली मुलगी. कर्जतला एका पतपेढीत ती फोनवर बसते. आम्ही येण्याआधी ती काठी घेऊन एकटी जायची. एके दिवशी गाडीत चढताना तिचा पाय फलाट आणि पायरीच्या मधल्या फटीत गेला. लोकांनी ओढून काढली. नडगी सोलली, पण पाय वाचला. त्या दिवसापासून तिची आई सुनंदा गाडीची शिट्टी ऐकली तरी हातातलं काम थांबवायची.

मी घरात आलो त्या संध्याकाळी सुनंदानं दाराशेजारी एक खुंटी ठोकली.

“पट्टा काढलास का हितं अडकवायचा,” ती हर्षलाला म्हणाली. “आन् एक सांगून ठेवते. एकदा जरी पडलीस ना, तर मग तो हितंच ऱ्हायचा. तू पन घरात.”

“आणि नोकरी?”

“नोकरीला पाय लागतात बाय. ते जाग्यावर ऱ्हायला होवेत.”

हर्षलानं खुंटी हातानं चाचपून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी मूठ धरली. त्या मुठीत तिची नोकरी होती, तिचं एकटीनं जाणं-येणं होतं, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

खोपोलीहून येणारी गाडी सकाळी पुष्कळ मोकळी असते. रेवा पायरीपाशी थांबायची, हर्षला पायानं फट चाचपायची, मग मी वर उचलला जायचो. आत रेवा बाकाखाली अंग चोरून बसायची. डोळवलीचा रोहिदास रोजचा सोबती, तोंडाचा फटकळ.

“हिचा पास काडलाय का गं, हर्षला?” तो विचारी.

“ती ड्युटीवर आहे. ड्युटीवाल्यांना पास विचारत नाहीत.”

“मंग मी पन ड्युटीवरच चाललोय की. मला इचारतात.”

“तू बाकाखाली बसून बघ एकदा.”

डबा हसायचा. असे दिवस गेले. मला वाटलं, खुंटीचा धाक आता उगीचच आहे. तिथंच मी चुकलो.

खोपोलीच्या शिळफाट्याजवळ राहणारी इंदूबाई झेंडूची पाटी घेऊन आमच्याच गाडीनं कर्जतला फुलं विकायला येई. तिचा गुरुवारचा नेम होता. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून आधी कुत्र्याला गुळाचा घास घालायचा आणि मगच स्वतः अन्नाला शिवायचं. नेमाचं कारणही मोठं होतं. तिचा मुलगा जितेश टेंपो घेऊन रोज घाट चढतो आणि उतरतो. त्याच्यासाठी ती हे करत होती. आधी ती स्टेशनवरच्या कुत्र्यांना घास घालायची. रेवाला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

“काळी कुळकुळीत, आन् कशी गुमान बसलीय बघा. देवानंच धाडलीय गं मला.”

तिनं गुळाची पोळी मोडून बाकाखाली धरली. मी खांद्यांवर होतो. रेवाचा खांदा खाली गेला ते मला कळलं, आणि माझ्यातून हर्षलाला.

“मावशी, नको. ती कामावर असताना खात नाही.”

“कनभर घास गं. गुरुवारचं नाय म्हनू नये.”

हर्षलानं पुढं अडवलं नाही, आणि रेवानं घास खाल्ला. वडीलधारी बाई, देवाचं काम, आणि मुलाच्या जिवासाठी धरलेला नेम. कुणाच्या तोंडातून ‘नाही’ निघेल? पुढच्या गुरुवारी पुन्हा घास आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. रेवाला वार कळत नाहीत, पण वास कळतो. जिथं झेंडू तिथं गूळ, हे ती शिकली. झेंडूचा वास आला की तिच्या खांद्यात एक बारीक ओढ उठायची. ती ओढ कामाची नव्हती. मला फरक कळत होता. हर्षलालाही अर्धामुर्धा कळत असावा, कारण ती मूठ जरा घट्ट धरायची. पण गप्प राहायची. आणि मला तर वाचाच नाही.

मग तो गुरुवार आला. सुनंदाला बाजारहाट करायचा होता म्हणून ती सकाळीच हर्षलाबरोबर लवकरच्या गाडीनं कर्जतला आली. त्यामुळे नेहमीच्या गाडीत इंदूबाईला रेवा दिसली नाही. तिनं दुसऱ्या कुत्र्याला घास घातला असता तर चाललं असतं. पण तिच्या मनानं घेतलं होतं, की घास याच कुत्रीला. ती दिवसभर उपाशी राहिली आणि फुलं विकत राहिली.

दुपार कलल्यावर आम्ही परतीच्या गाडीसाठी फलाटावर उभे होतो. सुनंदा मागं बाकड्यापाशी पिशव्या सावरत होती. खोपोलीची गाडी त्या दिवशी पलीकडच्या फलाटावर लागणार होती. तशी सूचनाही झाली. पण आमच्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला उभ्या असलेल्या लांबच्या गाडीच्या भोंग्यात ती बुडाली. पलीकडे इंदूबाई आधीच जाऊन बसली होती. मधे दोन रूळमार्ग. तिनं आम्हाला पाहिलं. तिच्या मनात चांगलंच होतं.

“हर्षला, गाडी हिकडं लागतीय गं. पुलावरनं ये.” आणि मग हातातला घास उंच धरून तिनं हाक मारली, “रेवा, ये बाय. घेऊन ये तिला. ये ये.”

शहाणी कुत्री पुलावरनं आणील, असं तिला वाटलं. भोंग्यात हर्षलाला त्यातलं ‘गाडी लागतीय’ एवढंच ऐकू आलं. पण रेवाला ना पूल दिसला ना रूळ. तिला झेंडूची पाटी दिसली. माझ्याखालचे खांदे वळले. मी डावीकडे कललो.

हर्षलाचा माझ्यावर विश्वास होता. मी कललो म्हणजे वाट तिकडे आहे. ती माझ्यामागे आली.

कर्जतला घाटात गाड्यांना मागून रेटणारी इंजिनं असतात. काम संपलं की ती सुटी परत येतात. मागं डबे नसतात, खडखडाट नसतो. तसं एक इंजिन आमच्या रुळावरून येत होतं. त्याचा बारीक थरार मला रेवाच्या पंजांतून जाणवला. लांबच्या गाडीचा भोंगा अजून वाजत होता, म्हणून हर्षलाला काही ऐकू आलं नाही. मागून सुनंदाची किंकाळी आली. तीही भोंग्यात गेली. फलाटाच्या कडेची खडबडीत फरशी हर्षलाच्या चपलेखाली आली. गाडी चुकेल या घाईत तिला वाटलं, ही गाडीच्या दाराची कड. ती म्हणाली, “पुढे.”

मित्रांनो, त्या एका शब्दानंतर काय झालं ते मी कधी विसरणार नाही. माझ्याखाली ओढ होती, गुळाची. आणि तिच्याच खाली आणखी काहीतरी जागं झालं, जुनं, शिकवलेलं. रेवाचे चारी पाय रुतल्यासारखे थांबले.

“पुढे, रेवा. पुढे.”

रेवा वळली, आणि हर्षलाच्या गुडघ्यांना आडवी लागून तिनं तिला मागं रेटलं. मी त्या गुडघ्यांत आणि रेवाच्या बरगड्यांत चेमटलो. माझा एक टाका तटकन गेला. हर्षलाचा तोल गेला आणि ती फलाटावर, आतल्या बाजूला, गुडघ्यांवर पडली. इंजिन पुढून निघून गेलं. त्याच्या वाऱ्यानं रेवाचे कान उडाले.

पडली खरी. आणि अट तेवढीच होती.

सुनंदा पिशव्या टाकून धावत आली. तिनं मागून एवढंच पाहिलं होतं, की कुत्रीनं पोरीला कडेकडे ओढत नेलं.

“तिनंच थांबवलं, आई.”

“नेलं कोनी? नेलं तर तिनंच ना?”

हर्षलानं चाचपून रेवाची मान धरली. इंदूबाईचं नाव तिनं घेतलं नाही. त्या संध्याकाळी सुनंदानं स्वतःच्या हातांनी मला खुंटीवर टांगलं. तुटलेला टाका तसाच लोंबत होता.

नंतरचे दिवस मी भिंतीकडे तोंड करून काढले. सकाळच्या गाडीची शिट्टी झाली की रेवा उठून दारात उभी राहायची, मान वर करून माझ्याकडे पाहायची आणि परत जाऊन पडायची. हर्षला दार ओलांडत नव्हती. पतपेढीतून फोन आला. तिनं ‘बरं नाही’ म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा पलीकडचे म्हणाले, की सोमवारी आली नाहीस तर दुसरं माणूस बघावं लागेल. माझ्या कातड्यावर बुरशीचा पांढरा डाग धरू लागला.

रविवारी दारात झेंडूचा वास आला. इंदूबाई पाटी खाली न ठेवता उभीच राहिली.

“सुनंदाबाय, ती कुत्री तुमच्या पोरीला घेऊन येत नव्हती. माझ्या घासाकडं येत होती. घास मी दाखवला. मी हाका मारल्या.”

सुनंदा तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

“तुमी?”

“तुमी मागनं बघितलंत. मी समोरनं बघितलंय. पोरगी पुढं पुढं म्हनत होती, आन् कुत्री आडवी झाली. घास माझ्या हातात, दिसतोय तिला, तरी आडवी झाली.” तिनं पाटी दोन्ही हातांनी सावरली. “माझ्या जित्याच्या जिवासाठी घास घालत होते, बाय. आन् तुमच्या पोरीचा जीव माझ्याच घासापायी जात होता. दत्तानं मला काय म्हनावं?”

सूप बाजूला सरकलं. मग सुनंदा हर्षलाकडे वळली.

“तुला म्हाईत होतं, हिचा घास म्हनून?”

“हो.”

“मंग बोलली का नाय?”

“नेम होता गं त्यांचा.”

“आन् कुत्रीचा नेम? तो मोडला तो?” सुनंदा उठली. “चूक तुमची दोघींची. आन् शिक्षा भोगतीय ती मुकी.”

तिनं मला खुंटीवरून काढलं. पदरानं माझा डाग पुसला. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तिनं माझी मूठ हातात धरून पाहिली, ती पोरीच्या हाताला कशी लागत असेल ते.

“गुरवारचं काय करनार आता?” तिनं इंदूबाईला विचारलं.

“घास हिलाच घालीन. पन हा पट्टा खुंटीवर चढल्यावर.”

“म्हंजे सांज होनार. तवर?”

“तवर ती नाय खात, मी पन नाय खानार.”

सोमवारी सकाळी चांभाराकडे माझा टाका शिवून आम्ही कामावर गेलो. सुनंदानं खुंटी उपटली नाही, आणि अटही मागं घेतली नाही. “गुरवार जाऊ दे, मंग बघू,” एवढंच म्हणाली.

गुरुवारी कामावरून परतताना सुनंदा आमच्या मागून चालत होती. तेच स्टेशन, तोच फलाट. झेंडूचा वास आला आणि माझ्याखालचे खांदे थरथरले. हर्षलानं मूठ घट्ट धरली. मागं सुनंदाच्या बांगड्या थांबल्या. इंदूबाई बाकड्यावर होती. गाठोड्यावर दोन्ही हात घट्ट दाबून, रेवाकडे न पाहता ती म्हणाली, “हर्षला, मी इंदू. गाडी ह्याच बाजूला हाय गं.” तिच्या ओठांना दिवसभराच्या उपासाची कोरड होती.

“येते, मावशी. आणि रेवाला आज हाक नको,” हर्षला म्हणाली. आवाज हळू होता, पण नाही म्हणायला ती शिकली होती.

थरथर एकदा शेपटीपर्यंत गेली आणि विरली. मी सरळ झालो. रेवा बाकड्याजवळून पुढे गेली, पायरीपाशी थांबली, आणि आम्ही चढलो.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. गाडीत कधी आमच्यासारखं कुणी भेटलं, तर कुत्र्याला हाक मारू नका, कुरवाळू नका, कितीही पुण्याचा असला तरी घास पुढे करू नका. बोलायचं असेल तर माणसाशी बोला. माया करायला संध्याकाळ असते.

त्या दिवशी संध्याकाळी केळवलीच्या अंगणात इंदूबाई पाटी उतरवून बसली. हर्षलानं माझे बंद सोडले आणि मला खुंटीवर चढवलं. सुनंदानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. इंदूबाईनं हात जोडले, गुळाची पोळी मोडली, आणि घास जमिनीवर ठेवला.

रेवानं घास हुंगला. मग मान वर केली, आणि मी खुंटीवर आहे ना, ते आधी पाहून घेतलं.