पाच रेघांचं खोटं

मी इनायतभाऊंचा मायक्रोमीटर बोलतोय. मी खोटं बोलतो, हे आधीच सांगून टाकतो.

इंजिनातला शाफ्ट किती झिजलाय, हे मोजणं माझं काम. माझी एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. १९८८ साली भाऊंनी मला नागपुरात घेतलं. दुकानदार स्वस्तातला कॅलिपर पुढे करत होता. "त्यानं पाइप मोजा. शाफ्टले हा लागते," भाऊ म्हणाले. माझ्या पेटीत बरोबर पंचवीस मिलिमीटरचा पोलादी दांडा असतो. तो जबड्यात धरला की मी बरोबर पंचवीस दाखवायला हवं, म्हणजे फरक शून्य. भाऊंनी दुकानदाराला तीनदा धरायला लावला. तिन्ही वेळा शून्य. मग रुमालात गुंडाळून मला गडचिरोलीला त्यांच्या गॅरेजात आणलं.

पुढे पेटी फळीवर गेली आणि मी हातोड्यांच्या डब्यात. एकदा जॅक पाठीवर पडला. माझी कमान केसभर आत वाकली. तेव्हापासून मी सगळं पाच रेघा जाड सांगतो; झिजलेला शाफ्टही धड वाटतो.

१९९९च्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता वाहणाऱ्या श्रावणची जीप आली. इंजिन ठोकत होतं.

"भाऊ, लवकर करा ना. तेंदूपत्त्याचा सीजन हाय."

भाऊंनी मला शाफ्टवर चढवलं. "शाफ्ट चांगला हाय. नुसते बेअरिंग बदलू."

त्यांची मुलगी निशात पॉलिटेक्निक करून आली होती. तिने पेटीवरची धूळ फुंकली आणि दांडा माझ्या जबड्यात धरला.

"अब्बा, हा पाच रेघा जास्त सांगून राह्यला. शाफ्ट झिजला हाय. घासायले चंद्रपूरले पाठवा."

"तुह्या जन्माच्या आधीपासून इंजिनं खोलतो मी. आवाजावरून समजते मले."

"मंग याले काऊन घेतलं?"

श्रावण हसला. "भाऊ, पोरगी तुमचीच परीक्षा घेऊन राह्यली!"

भाऊ हसले नाहीत. संध्याकाळी नवे बेअरिंग घालून इंजिन जोडलं, जीप गेली.

तेराव्या दिवशी श्रावणच्या आईला, ठमाबाईला, पानं तोडताना साप चावला. श्रावणने तिला जीपमध्ये घातलं. भर दुपारी, जंगलातल्या चढावर, इंजिन जाम झालं. दुसरी गाडी मिळेपर्यंत अडीच तास गेले. ठमाबाई दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

जीप ओढून आणली. भाऊंनी इंजिन खोललं. बेअरिंगच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पेटी काढली, दांडा माझ्या जबड्यात धरला. तीनदा. मी पाच म्हणालो. पाच. पाच.

दांडा पेटीत ठेवून ते बाहेर आले. "ऑइल कमी होतं तुह्या गाडीत."

"म्या तं पाह्यलं होतं, भाऊ..." श्रावण थांबला. "पाह्यलं होतं ना?"

"नाई, श्रावणभाऊ," निशात म्हणाली, "माप चुकलं. तुमच्यासमोरच सांगितलं होतं मी."

"चूप! घरात जाय!"

श्रावणने भाऊंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. त्याने भाऊंच्या पांढऱ्या दाढीवर विश्वास ठेवला.

पेटीतल्या छोट्या किल्लीने मला पुन्हा शून्यावर आणायला दोन मिनिटं लागतात. निशातने किल्ली उचलली होती. भाऊंनी ती हिसकावून पेटीसकट कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. मी दुरुस्त झालो असतो, तर मी बिघडलेला होतो हे कबूल करावं लागलं असतं. निशात नागपूरला नोकरीला गेली. श्रावणने जीप विकली. "आई माह्या चुकीनं गेली, म्याच ऑइल पाह्यलं नाई," असं तो चहाच्या टपरीवर कोणालाही सांगत बसतो.

आज २००३. टेबलावर दुसऱ्या जीपचा शाफ्ट आहे. तिचा मालक बाकावर वाट पाहतोय. बाबा रे, ऊठ. कपाट उघडायला सांग. दांडा मागून घे.

भाऊंनी चष्मा पुसला. मला शाफ्टवर चढवलं.

"एकदम बराबर," ते म्हणाले.